पितळेची पिन

केत्तूरचा जुना डांबरी रस्ता
अजूनही सरळ धरणात उतरतो.
मैलाचा एक दगड कोरडा,
दुसरा पाण्याखाली, त्याच्या आकड्यावर शेवाळ.
आम्ही तिथूनच ट्रेलर मागे घेतो.
मेव्हणा ओरडतो, "येऊ दे... येऊ दे... बास!"
मी ब्रेकवर उभा राहतो
आणि होडी आपसूक उचलली जाते,
झोपलेलं पोर दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तशी.

चैत्रात पाणी कोसभर मागं सरकतं.
होडीनं त्याच्या मागं मागं जायचं,
म्हणून हा ट्रेलर :
भंगारातल्या जीपचा आस, पाइपाचा सांगाडा,
एक लाल दिवा, तोही मनाला येईल तेव्हा लागणारा.
वाटेत तापलेलं चाक लगेच पाण्यात घालू नये,
आत पाणी ओढतं, ग्रीस दह्यासारखं पांढरं होतं.
हे मला कुणी सांगितलं नाही.
टेंभुर्णीच्या अलीकडं, रात्री अकराला,
तिसरं बेअरिंग ओरडत फुटलं
तेव्हा कळलं.
आता धक्क्यावर आधी एक बिडी होते,
चाकाला हात लावून बघतो,
मगच उतार.

मोटारीचं वेगळं.
ती आठ घोड्यांची, दुसऱ्या हाताची.
मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे,
पोरं हसतात, म्हणतात मोटार मुतती,
पण ती धार थांबली की माझं हसू जातं.
सायकलच्या स्पोकनं भोक मोकळं करायचं,
गाळ असतो, कधी कोळंबीचं मिशीएवढं पिल्लू.
कार्बोरेटर गाळलेल्या पेट्रोलनं धुवायचा.
प्लग काळा आला तर तेल जास्त,
पांढरा आला तर देवाचं नाव घ्यायचं.

गेल्या कार्तिकात इंजिन नीट गुरगुरत होतं
आणि होडी जागची हलत नव्हती.
पंख्याची पिन तुटलेली. महिन्यात तिसऱ्यांदा.
मेव्हण्याला राग आला.
त्यानं पितळेच्या जागी पोलादी बोल्ट ठोकला,
म्हणाला, "आता बघू कशी तुटती!"
तुटली नाही.
आठव्या दिवशी पंखा बुडक्या गावाच्या
कुणाच्यातरी गोठ्याच्या भिंतीला लागला
आणि पिन शाबूत, गिअरचे दात मात्र
डाळिंबाच्या दाण्यांसारखे तळहातावर आले.

पोत्यात बांधून जेऊरवरनं एसटी धरली,
कंडक्टरनं पोत्याला अर्धं तिकीट लावलं.
सोलापुरात अशोक चौकामागं पत्र्याची शेड,
मल्लेशम येमूल, तीस वर्षं मागावर जॉबर,
माग विकले गेले, कान राहिला.
त्यानं आस फिरवला, डोळे मिटले,
"इथं आडकतंय बघा," म्हणाला,
आणि तिथंच अडकत होतं.
त्यानं धरण कधी पाहिलं नव्हतं.
"लई मोठं हाय काय ओ?"
मी हात पसरले. शेडला पुरले नाहीत.

चार दिवसांनी गिअर बसवून दिला.
पोलादी बोल्ट दोन बोटांत धरून म्हणाला,
"धागा तुटला की माग थांबला पायजे.
थांबला नाय तर हातभर कापड वाया.
ही पिन तुटायसाठीच असतीय बे,
तुटू दे की तिला."
मागाच्या जुन्या पितळेतून कातलेल्या पाच पिना
चादरीच्या किनारीत गुंडाळून दिल्या.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
मी कटला आणतो म्हणालो,
तर म्हणाला, काटे कमी असलेला आणा.

परवा त्याच गोठ्यावर पुन्हा लागली.
टक्. एवढाच आवाज.
मोटार उचलली, वल्ही टाकली,
सगळं धरण एकदम ऐकू यायला लागलं :
लांब पलीकडच्या काठावर कुणीतरी
म्हशीला हाक मारत होतं.
मेव्हणा काही बोलला नाही.
त्यानं किनार उलगडली,
लाल-हिरव्या घड्यातून एक पिन काढली,
उरलेल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

कटल्याचं अजून राहिलंय.